शब्दचर्चा : ‘लाईन’ आली म्हणजे नेमकं काय आलं?

कपाशीवाला (यवतमाळ)
रात्री ओलिताला गेलं की बाजूच्या वावरातून एकच हाक येते, "लाईन आली काय गा?" काल पोरीनं दहावीचं पुस्तक पुढ्यात धरून विचारलं, बाबा, लाईन म्हणजे विद्युतधारा का विभवांतर? मी ठोकून दिलं, "दोन्ही." हसली ना ती! आता तुम्हीच सांगा.

जुना मास्तर
विभवांतर. बोलीत व्होल्टेज, वीजखात्याच्या कागदावर दाब. ‘उच्चदाब’, ‘लघुदाब’ त्यातूनच आले. लाईन आली तरी स्टार्टर दाबेपर्यंत तुमच्या मोटरीत धारा नसतेच.
गोंधळ ‘वीजनिर्मिती’ या शब्दानं होतो. फॅरेडेनं 1831 साली तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला, तेव्हा वेटोळ्याला जोडलेल्या धारा मोजणाऱ्या यंत्राचा काटा हलला. चुंबक थांबला की काटा शून्यावर. आपण म्हणतो, धारा निर्माण झाली. पण वेटोळ्याची टोकं मोकळी ठेवून चुंबक हलवला तरी त्या टोकांमध्ये दाब येतो, धारा तेवढी वाहत नाही. म्हणजे जनित्र मुळात दाब निर्माण करतं. धारा किती वाहायची ते पुढं काय जोडलंय त्यावर.

रिटायर लाईनमन
बरोबर. औष्णिक केंद्रात कोळशावर तापलेल्या पाण्याची वाफ जे फिरवते ते चुंबकच. तारेची वेटोळी जागेवरच असतात. मिनिटाला 3000 फेरे, म्हणजे सेकंदाला 50, तेच आपले 50 हर्ट्झ. वेटोळ्यांचे तीन संच 120 अंशांवर बसवलेले, म्हणून तीन फेज. एका फेजला 230 व्होल्ट, दोन फेजमध्ये 400 च्या आसपास.
फेजला पुस्तकात ‘कला’ म्हणतात म्हणे. "साहेब, एक कला गेली" असं फोनवर सांगून पाहा!

कपाशीवाला (यवतमाळ)
कला चंद्राले शोभते. एक फेज गेला की मोटर नुसती गुरगुरते अन् जळते, त्यात कसली कला?
मंग ‘करंट लागला’ काहून म्हणतो आपण? ‘व्होल्टेज लागलं’ काहून नाही?

जुना मास्तर
कारण अंगातून वाहते ती धाराच. एकाच तारेवर बसलेल्या पाखराच्या दोन पायांत दाबाचा फरक जवळपास नसतो, म्हणून अंगातून धारा जवळपास वाहत नाही अन् ते खुशाल बसतं. ‘लाईन आली’ म्हणजे दाब, ‘करंट लागला’ म्हणजे धारा. गावानं हा भेद कधीच केलाय, पोरीला हेच सांगा.

रिटायर लाईनमन
एक उलटी गोष्टही सांगा तिला. सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की शेवटच्या वावरात व्होल्टेज पडतं, कारण लांब तारेतच दाब खर्ची पडतो. मोटरीवर पाण्याचा भार मात्र तोच, मग ती जास्त अँपिअर ओढते अन् तापते. लोक म्हणतात, "करंट कमी येऊन राहिला." कमी असते ते व्होल्टेज.

कपाशीवाला (यवतमाळ)
हाव, हे नव्हतं माहीत. बरं, ट्रान्सफॉर्मरचं ‘रोहित्र’ हे नाव कोणाच्या तोंडून ऐकलं काय कधी?

रिटायर लाईनमन
तोंडून नाही. जळते ती डीपी. अर्जात लिहा, "रोहित्र नादुरुस्त झाले आहे."