मदत हवी आहे: बेकायदा हुकूम नाकारणाऱ्या सैनिकाचं पुढे काय होतं?

नमस्कार मंडळी. नागपुरात आंतरशालेय वादविवाद स्पर्धा आहे, येत्या रविवारी. आमच्या नववीच्या पोरींना विषय आलाय: 'वरिष्ठांचा हुकूम होता, म्हणून सैनिक निर्दोष ठरतो का?' त्यांना विरोधी बाजू मांडायची आहे.

माय लाईचं प्रकरण वाचून झालं. 16 मार्च 1968 ला व्हिएतनाममधल्या त्या गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. खटल्यात त्या सैनिकांपैकी एक अधिकारी, लेफ्टनंट कॅली, याने 'हुकूम होता' हाच बचाव घेतला. 1971 मध्ये 22 खुनांसाठी तो दोषी ठरला, पण साडेतीन वर्षांतच सुटला, तीही बहुतेक नजरकैद. अमेरिकेतलं लोकमत तर मोठ्या प्रमाणावर त्याच्याच बाजूने होतं! पोरी अडल्या त्या इथेच. सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवून गावकऱ्यांना वाचवणाऱ्या थॉम्प्सन या अमेरिकी वैमानिकाला सैन्याने 'सोल्जर्स मेडल' दिलं ते थेट 1998 मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांचं तत्त्वही (नुसता हुकूम होता म्हणून जबाबदारी टळत नाही) वाचून झालंय.

आता अडलंय ते भारताच्या कायद्याचं. 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये, कलम 41 खाली, 'कायदेशीर' हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. सीताबर्डीच्या वाचनालयात शोधलं, ओळखीच्या वकिलांनाही विचारलं. ते म्हणाले, हा आमचा प्रांत नाही.

कोणत्याही चालू प्रकरणावर किंवा पक्षावर चर्चा नको, शाळेची स्पर्धा आहे. इंग्रजी संदर्भ चालतील, पण बोलायचं मराठीत, चार मिनिटांत.

कामठीकडचे कुणी निवृत्त फौजी किंवा लष्करी कायद्याचे जाणकार सांगतील का: हुकूम बेकायदा आहे हे सैनिकाने जागेवर ओळखायचं कसं, आणि नकार दिल्यावर तो बरोबर होता की नाही हे ठरवतं कोण?