मंदी जून २००९ ला संपली, मग नोकऱ्या २०१४ पर्यंत कुठे अडकल्या?

भोसरीकर: अमेरिकेतली मोठी मंदी अधिकृत हिशोबाने डिसेंबर २००७ ते जून २००९. पण बेकारीने १० टक्के गाठले ऑक्टोबर २००९ मध्ये, म्हणजे मंदी 'संपल्यावर'! गेलेल्या ८५ लाखांहून जास्त नोकऱ्या भरून निघायला मे २०१४ उजाडला. मला नवल वाटत नाही. तीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढली. ऑर्डरी वाढल्या की आधी ओव्हरटाइम, मग ठेकेदाराची माणसं, कायम भरती सगळ्यात शेवटी. दुधाने पोळलेला मालक ताकही फुंकून पितो.

तिरफळ: ताक फुंकायला पाच वर्षं? भीती फार तर वर्षभर धरा. कामंच बदलली होती. घरांच्या किमतींचा फुगा फुटला, नेवाडा-फ्लोरिडातले सुतार-गवंडी घरी बसले. दवाखान्यांत भरती चालू होती, पण गवंड्याची नर्स कशी करणार? त्यात घराची किंमत कर्जापेक्षा कमी. विकून दुसऱ्या राज्यात जायचीही सोय नाही.

खडूफळा: तिरफळ, माणसांचा तुटवडा असता तर पगार चढले असते ना? पगारवाढ तर त्या वर्षांत मरगळलेलीच होती. गिऱ्हाईकच नव्हतं हो, लोक कर्ज फेडत बसले होते. बहुतेक राज्यांवर जमाखर्च जुळवायचं बंधन, म्हणून मंदी संपल्यावरही शिक्षक घरी पाठवले जात होते. आणि २०१९ मध्ये बेकारी ३.५ टक्क्यांवर आली, तोवर तुमचे गवंडी नर्स झाले होते का?

न्यू_जर्सीकर: २००९ मध्ये आमच्या टीममध्ये अकराचे सात उरलो. काम तेवढंच. वर्षभराने कंपनी नफ्यात आली, चार खुर्च्या रिकाम्याच. सातांत भागतंय म्हटल्यावर भरती कोण करतो? आम्ही एच-वन-बीवाले, तेव्हा नोकरी गेली की व्हिसाही जायचा. मुकाट रात्री जागवल्या.

भोसरीकर: हेच म्हणतोय! जर्मनीत २००९ मध्ये उत्पन्न ५ टक्क्यांच्या आसपास घसरलं, पण बेकारी फारशी हलली नाही. माणूस काढण्याऐवजी तास कमी केले, बुडालेल्या पगारातला बराच भाग सरकारने दिला. ऑर्डर आली तेव्हा हात बसलेला माणूस मशीनवरच होता.

तिरफळ: काका, जर्मनीत घरांचा फुगा नव्हता, निर्यात आटली होती ती परत आली. नेवाडात अर्धे तास कसले देता, बांधायलाच काही नव्हतं. आणि खडूफळा, काम शोधणंच सोडलेले त्या ३.५ टक्क्यांत धरत नाहीत.

खडूफळा: मान्य. पण त्यातले बरेच वयाने निवृत्त झालेले, तेही तुमच्या खात्यात घालू नका.