रेकॉर्डिंग बॉक्स भाड्याने घ्यावा की विकत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही लेस्टरला राहतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत आहेत. बाबांना विम्बल्डन जिवापाड प्रिय, पण दुपारी त्यांना झोप लागतेच! म्हणून बीबीसीवरचे सामने रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत.

सध्याची केबल कंपनी महिना ८ पौंड भाड्याने बॉक्स देते, पण करार १८ महिन्यांचा, म्हणजे १४४ पौंड. शिवाय करार संपला की बॉक्स परत, आणि त्यासोबत रेकॉर्डिंगही गेलं. फ्रीव्ह्यूचा (अँटेनावर फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांचा) बॉक्स विकत घेतला तर साधारण २०० पौंड, पुढे मासिक भाडं नाही. टीव्ही लायसन्स (इथे टीव्ही बघायला लागणारा सशुल्क परवाना) दोन्हीकडे लागतंच. मला विकतचाच पटतो. मात्र बिघडला तर हार्डडिस्कचा खर्च आपल्याच गळ्यात, ही धास्ती आहे.

छतावरचा अँटेना जुना आहे, तो चालेल का? दोन ट्यूनर पुरतात का, म्हणजे एक सामना बघताना दुसरा रेकॉर्ड होईल? कोणी जुना वापरलेला बॉक्स घेतला आहे का? हार्डडिस्क किती वर्षं टिकली? आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतील, त्याआधी ठरवायचं आहे.