मदत हवी आहे: इंटर्नशिपच्या मेलमध्ये मानधनाचं कधी आणि कसं विचारावं?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं पहिलं वर्ष संपत आलंय. विषय गोड्या पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट: कुठून येतं, शेवाळ कशाने माजतं वगैरे. येत्या उन्हाळ्यात दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत २-३ महिने काम करायचंय, आणि पैसे घेऊन करायचंय. (गूगलवर 'सशुल्क इंटर्नशिप' शोधू नका. आपल्याकडूनच फी घेणारे सापडतात.)

पैशाचं मुद्दाम लिहिलं, कारण एमएस्सीनंतर एकदा पोळलोय. जाहिरातीत 'आकर्षक मानधन' होतं. ६ आठवडे मातीचे नमुने वाळवा, खलात कुटा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, पिशवीवर नंबर घाला. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल तपकिरी. शेवटच्या दिवशी हातात प्रमाणपत्र ठेवलं, तेच मानधन. खोलीचं भाडं घरून मागवलं. आधी लेखी विचारायला हवं होतं, पण धीरच झाला नाही.

आतापर्यंतचा शोध असा. अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयूत (उन्हाळी संशोधनाचा अनुभव देणारा कार्यक्रम) मानधन मिळतं, पण ते पदवीच्या विद्यार्थ्यांना, तेही तिथले नागरिक किंवा कायमचे रहिवासी असतील तर. बाद. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं नाव मोठं, पण इंटर्नशिप बिनपगारी. ऑस्ट्रियात लाक्सेनबुर्गला आयआयएएसए ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथला तरुण शास्त्रज्ञांचा उन्हाळी कार्यक्रम १९७७ पासून चालतो, जून ते ऑगस्ट, खास पीएचडीवाल्यांसाठी. खर्चाला मदत बहुतांशी सदस्य देशांच्या संस्थांमार्फत मिळते. तिथे सगळं संगणकावरचं मॉडेलिंग, आणि मी पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या भरणारा माणूस. तरी अर्ज करणार आहे.

राहिला थेट प्राध्यापकांना मेल करण्याचा मार्ग. मसुदा तयार आहे, फक्त पैशाच्या ओळीपाशी अडलोय. पहिल्याच मेलमध्ये लिहिलं तर हावरट वाटेल का? नाही लिहिलं तर पुन्हा चाळणी हातात येईल, ही धास्ती.

प्रतिसाद १
प्रयोगशाळा चालवते, म्हणून लिहिते. पहिल्या मेलमध्ये स्वतः केलेलं काम लिहा, आणि 'पर्यावरणाची प्रचंड आवड' असलं काही नको. 'पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने स्वतः मोजला आहे, अनुमापनात निळा रंग कुठल्या थेंबाला जातो ते नजरेला कळतं' एवढं लिहिलंत तर मी मेल पुढे वाचेन. पैशाचं आमच्याकडून होकार आल्यावर, पण तुमचा होकार कळवण्याआधी विचारा. शब्द 'तरतूद' वापरा: 'या कामासाठी प्रकल्पात मानधनाची तरतूद आहे का?' खरंच तसंच असतं. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ते खातं नसेल, तर मनात असूनही आम्ही देऊ शकत नाही. म्हणून मेल लवकर टाका, उन्हाळा तोंडावर आल्यावर नव्हे.

प्रतिसाद २
वरच्या ताईंशी अर्धा सहमत. मी पहिल्याच मेलमध्ये शेवटी एक ओळ टाकायचो. उत्तरं कमी आली, पण आली ती कामाची. आणि 'किती' इतकंच 'कधी' विचारा. माझं मानधन काम संपल्यावर एकरकमी मिळालं, तोवर भाडं, अनामत, प्रवास सगळं खिशातून. फील्डवर्क असेल तर विम्याचंही विचारून घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ताईंच्या पद्धतीने ४ मेल पाठवले, विंकलरची ओळ सगळ्यात वर. एकाचं उत्तर आलंय: 'तरतूद आहे, व्हिडिओ कॉलवर बोलू.' रकमेचं कॉलवर विचारू, की कॉलनंतर लेखी?

प्रतिसाद १
लेखी. कॉलवर पाण्याबद्दल बोला.