शुगर उतरली ती मातीपट्टीने की जेवणाच्या वेळेने?

उपवनकाठ
वय ४७, राहणं ठाण्यात, नोकरी बेलापूरला. गेल्या वर्षी एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ७.२ आणि पोटाचा घेर १०१ सेंटिमीटर. (आपल्याकडच्या पुरुषांना ९० ची मर्यादा, हे तेव्हा कळलं.) डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दोन वेळा लिहून दिली, म्हणाले "वजन उतरवा". कसं, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. मग दहा दिवस निसर्गोपचार केंद्रात राहिलो. मातीपट्टी, कटिस्नान, साडेसहाला ताट, नऊला दिवे बंद. घरी येऊनही जेवणझोपेच्या वेळा पाळल्या, सकाळी उपवन तलावाला फेऱ्या. सहा महिन्यांत ६.१, वजन ८४ चं ७६. गोळी एकवेळवर आली, तीही डॉक्टरांनीच कमी केली. माझं मत: आधी तीन महिने निसर्गोपचाराला द्यावेत, गोळी नंतर.

पारसिक चढणारा
अभिनंदन! पण श्रेय चुकीच्या खात्यात जमा केलंत. आठ किलो उतरले, उत्तर तिथेच आहे. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी घटली की इन्सुलिनचं गाडं पुन्हा रुळावर येतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत (२०१७) ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यातल्या ८६ टक्क्यांची शुगर वर्षभरानंतर गोळीविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. त्यांच्या पोटावर कोणी चिखल थापला नव्हता. सुरुवातीचे काही महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींचे सूप-शेक, बस्स. शिवाय त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, हेही लक्षात घ्या.

सानपाड्याची सून
"गोळी नंतर" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. सासूबाई ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेतात. एका केंद्रात (नाव नको) त्यांना तीन दिवस रसाहारावर ठेवलं, गोळी मात्र रोजच्यासारखी चालू. दुसऱ्या रात्री घामाने ओल्याचिंब, जीभ जड, शुगर ४८ पर्यंत घसरलेली. ही गोळी पोट रिकामं असलं तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. भरती होताना जो फॉर्म भरून घेतला त्यात "कोणती औषधं चालू आहेत" हा रकानाच नव्हता! कुंडली मात्र विचारली असती तर आम्ही दिली असती, अशी आमचीही श्रद्धा होती, खोटं कशाला बोलू.

उपवनकाठ
ताई, हे भयंकर आहे. "गोळी नंतर" हे वाक्य मागे घेतो. ज्याची औषधं चालू आहेत त्याला तर ते मुळीच लागू नाही. पण पारसिकसाहेब, चिखलाची थट्टा करा, माझा मुद्दा राहतोच. दहा दिवस रोज कोणीतरी ताट वाढून समोर बसवलं, चालायला नेलं, झोपवलं. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला तो गावातल्या गरिबांसाठी. आता काही केंद्रांचे दर ऐकून बीपी वाढतं, ते वेगळं.

पारसिक चढणारा
शिस्त लागली म्हणा, मी सही करतो. पण गोळीला शत्रू करू नका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्याच चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा मधुमेह जडण्याचा धोका जीवनशैली बदलून २८.५ टक्के घटला, मेटफॉर्मिनने २६.४. जवळजवळ बरोबरी.

महापे रात्रपाळी
तुमचं चालू द्या. साडेसहाला ताट म्हणे! साडेसहाला मी ठाणे स्टेशनात ट्रान्स हार्बरच्या गर्दीत, आणि पहिला चहा-बिस्किट रात्री एकला. माझं एचबीएवनसी ६.३ आहे, वय ३४. मला काय सांगाल?

सानपाड्याची सून
घरून निघण्याआधी पूर्ण जेवा, पाचला का होईना. एकच्या बिस्किटाऐवजी फुटाणे आणि ताक. सकाळी घरी आल्यावर पोटभर पोहे खाऊन लगेच आडवं होता का?

महापे रात्रपाळी
पोहे नाही. मिसळ. दोन पाव.