गोल्फमध्ये ड्राइव्ह (पहिला लांब फटका) मारला की कंबर धरते, काय करू?

प्रश्न: दर रविवारी गोल्फ खेळतो, नवव्या होलपर्यंत उजवीकडे खाली कंबर जाम धरते, जिममध्ये क्रंचेस वाढवू का?

उत्तर: क्रंचेस नको रे. कंबरेचे मणके मुळात फार कमी वळतात, वळायचं काम खुब्याचं आणि वरच्या पाठीचं, ते आखडलं की सगळा पीळ कंबरेवर येतो. उजव्या हाताने खेळत असशील तर डावा खुबा आत वळतो का बघ, फॉलो थ्रूमध्ये, म्हणजे बॉल मारून झाल्यावर स्विंग पुढे जातो तेव्हा, भार त्याच्यावरच. साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपरावर अंग उचलून धरायचं) कर.

उत्तर: गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) हातात घेऊ नका प्लीज! आधी चाला, वेजने (जवळच्या फटक्याची छोटी काठी) अर्धे स्विंग घ्या. गोल्फर टायगर वुड्सचे मणके २०१७ मध्ये ऑपरेशन करून जोडावे लागले, २०१९ ला मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला तरी पाठीने पिच्छा सोडला नाही.

उत्तर: पायात मुंग्या येतात का? येत असतील तर व्यायाम राहू दे, आधी ऑर्थोला दाखव.