मदत हवी आहे: जुहूच्या किनाऱ्यावरच्या एकाच हॉटेलात चार दिवसांत दोनदा जेवण, कसं जमवावं?

पार्ले_पूर्व
नागपूरहून सासू-सासरे आणि नणंदेचं कुटुंब २३ जानेवारीला, शुक्रवारी सकाळी येताहेत, मंगळवारी परत. एकूण सहा मोठे, दोन लहान. हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही. रेतीला लागून, टेबलं समुद्राकडे, मासे ही ओळख, आणि शनिवार-रविवारी साडेसातनंतर दारात तासभर ताटकळणं, एवढ्यावरून जाणकारांना कळेलच. दोनदा तिथेच जायचं असा सासऱ्यांचा आग्रह आहे, तेव्हा ‘दुसरं हॉटेल बघा’ हा सल्ला कृपया नको.

दोन्ही वेळा सूर्यास्तालाच जावं का? दुसऱ्यांदा तेच ते मागवलं जाऊ नये म्हणून ऑर्डर कशी वाटून घ्यावी? नणंदेचे यजमान शाकाहारी आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रेतीतून फार चालवणार नाही. शिवाय अशा ठिकाणी बिलात काय तपासायचं तेही सांगा.

उधाण_भांग
आधी तिथी बघा, मग टेबल सांगून ठेवा. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची ढोबळ रीत अशी: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. पुढची भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या.

तुमच्या तारखांना शुक्रवारी वसंत पंचमी आहे, रविवारी रथसप्तमी, सोमवारी अष्टमी. जानेवारीच्या शेवटी मुंबईत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. शुक्रवारी त्या वेळी ओहोटी लागून अडीच-तीन तास झालेले असतील. जुहूचा किनारा सपाट, त्यामुळे पाणी खूप आत जातं आणि समोर उरते ओली रेती नि तिच्यावरचा कचरा. रात्री जेवायला बसलात तर समुद्राचा नुसता आवाज, तोही लांबून. सोमवारी मात्र भरती आणि सूर्यास्त जवळजवळ एकाच वेळी येताहेत. अष्टमीला भांग (लहान भरती-ओहोटीचे दिवस) असतो, पाणी उधाणासारखं चढत नाही, पण नजरेच्या टप्प्यात नक्की राहतं.

म्हणून शुक्रवारी दुपारी एकला जेवण आणि सोमवारी संध्याकाळी साडेपाचला दुसरी फेरी. शनिवार-रविवार सोडूनच द्या, जोडून सुट्टी आहे.

सोमवारी २६ जानेवारी, म्हणजे ड्राय डे. कुटुंब घेऊन जाणाऱ्यांच्या हे पथ्यावर पडतं, ग्लास घेऊन तीन-तीन तास बसणारी टेबलं नसतात. त्यात सोमवारी मासे न खाणारी घरंही बरीच.

तव्यावरची_सुरमई
वरच्या प्रतिसादाला धरूनच मासे वाटून घ्या. बोंबील मुख्यतः डोल जाळ्यात मिळतात. ते जाळं एका जागी बांधलेलं असतं, प्रवाह मासे आत ढकलतो. भांगाला प्रवाह मंदावतो आणि जाळ्यात कमी येतं. म्हणून बोंबील शुक्रवारीच उरका. सोमवारी मिळाले तरी आदल्या दिवसांचे असण्याची शक्यता जास्त. सुरमई, रावस, हलवा हे गळाचे किंवा वेगळ्या जाळ्यांचे मासे, त्यांना भांगाची झळ कमी. ते सोमवारी.

शुक्रवारचं दुपारचं जेवण रश्शाचं ठेवा: दोन प्लेट बोंबील फ्राय, एक तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, कोळंबीचं कालवण, भाकरी किंवा घावणे, शेवटी भात नि सोलकढी. आठ जणांना (त्यात दोन पोरं) एवढ्यावर सुरुवात पुरेशी, कालवण कमी पडलं तर नंतर वाढवता येतं. सोलकढी सुरुवातीलाच मागवून टेबलावर ठेवली की नारळाचं दूध वर नि आगळाचं पाणी खाली होतं. भातासोबतच मागवा.

बोंबील दोन्ही प्लेट एकदम मागवू नका. समुद्रालगत हवेत ओल इतकी असते की रव्याचं कुरकुरीत आवरण पाच-सात मिनिटांत मऊ पडतं. पहिली संपत आली की दुसरी सांगायची. आणि बोंबील तव्यावर जायच्या आधी वजनाखाली दाबून पाणी काढलेले आहेत का, हे वाढप्याला विचारायला लाजू नका. न दाबलेला बोंबील तव्यावर पाणी सोडतो, रवा सुटून तेलात जातो आणि ताटात लगदा येतो.

सोमवारी कोरडं खाणं: रावस तंदूर, हलव्याच्या तुकड्या, एखादं पापलेट. (पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. मेनूतल्या भावावरून तो आधीच मिळाल्यासारखा वाटायचा.) दोघांत एक, तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं घ्या. त्याहून मोठं असेल तर काट्याजवळ कच्चं राहतं किंवा कडेने सुकतं. सुरमई घ्यायची झाली तर कच्चा तुकडा आधी दाखवायला सांगा. मधली गडद रेघ लालसर हवी, तपकिरी झाली असेल तर तो तुकडा जुना. शेपटीकडचे तुकडे कोरडे लागतात, मधले मागा.

चिंबोरी (खेकडा) या चार दिवसांत नको. पौर्णिमेकडे जाताना ती पोकळ असते.

खाडीकाठ
चिंबोरीबद्दल थोडी असहमती. अमावस्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ, हे कोळीवाड्यात मानतातच. पण मोठ्या हॉटेलांतले खेकडे पुष्कळदा लांबून, जिवंत बांधून आलेले असतात, काही तळ्यात पोसलेले. तिथे तिथीपेक्षा हात महत्त्वाचा. उलटा धरून मागच्या पायाजवळचं पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबा. दबलं तर आत पाणी, घट्ट असेल तर मांस. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. आणि किलोच्या खेकड्यातून मांस पाव किलोच्या आसपासच निघतं, तेव्हा आठ जणांत एक खेकडा म्हणजे फक्त फोडण्याची करमणूक. पोरांना ती आवडेलही.

पार्ले_पूर्व
फार उपयोगी, धन्यवाद! पण एक अडचण आली. सासूबाईंचाच सोमवार असतो. म्हणजे सोमवारी दोन शाकाहारी.

तव्यावरची_सुरमई
तरी वार बदलू नका. त्यांचे मासे शुक्रवारी होतील. सुरमईचं कालवण त्यांना आवडत असेल तर तेही शुक्रवारीच मागवा. सोमवारी त्या उपास संध्याकाळी सोडतात की रात्री, हे विचारून घ्या, कारण साडेपाचला टेबलावर त्यांच्यापुढे चहाशिवाय काही नाही असं व्हायला नको.

शाकाहारी पदार्थ निवडताना तवा, तेल आणि तंदूर वेगळे आहेत का एवढं विचारा. ‘व्हेज’ लिहिलेली भजी माशांच्याच तेलात तळलेली असू शकतात, पनीर टिक्का रावसाच्याच सळीवर चढू शकतो. वेगळी सोय नसेल तर भांड्यात शिजणारं मागवा: डाळ, काळ्या वाटाण्याची उसळ, भात. तव्यावरच्या भाकरीलाही तोच प्रश्न विचारायचा.

हिशेबनीस
बिलाचं. ‘आकारानुसार’ भाव असलेल्या माशाचं कच्चं वजन आणि त्याची पूर्ण रक्कम ऑर्डर देतानाच वदवून घ्या. साफ करून, शिजवून वजन घटतं, नंतर वाद घालता येत नाही.

स्वतंत्र रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० रुपयांवर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. जुहूला दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे मेनूतला भाव सारखा दिसला तरी बिल सारखं येत नाही.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. काढायला सांगा, बहुतेक जागी मुकाट काढतात. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. साधं पाणी मागितलंत तर ते फुकट मिळायला हवं. न विचारता फोडलेल्या बाटल्या परत पाठवा.

उधाण_भांग
गुडघ्यांचं राहिलं होतं. टेबल सांगताना ‘सी फेसिंग’ एवढंच म्हटलंत तर रेतीवरचं देतील, तिथे खुर्चीचे पाय रुततात आणि उठताना आधार मिळत नाही. ‘फरशीवरचं, दुसऱ्या रांगेतलं’ असं स्पष्ट सांगा. पहिल्या रांगेत साडेपाच ते सव्वासहा ऊन सरळ डोळ्यांत येतं, किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. ज्येष्ठांना कडेच्या खुर्च्या द्या. दिवेलागणीला डास येतात, मलम पर्समध्ये असू द्या.

सोमवारी जाताना जुहू तारा रस्त्याने रिक्षा नेऊ नका, सुट्टीच्या संध्याकाळी तिथे पायी माणूस पुढे जातो. पार्ल्याकडून आतल्या गल्लीने या आणि उतरायची जागा फोनवर हॉटेलला विचारून ठेवा. कोणत्या दाराला पायऱ्या नाहीत, तेही त्याच फोनवर.